भिंतीपलीकडचं विरजण

माय, परदेशात चाललेल्या युद्धाचा सगळ्यात मोठा फटका आपल्या स्वयंपाकघराला बसला आहे, आणि याची दखल अजून कोणत्याही सरकारनं घेतलेली नाही. आपल्याकडे दही लागत नाही. तुझ्या सुनेनं साकोलीहून पाकिटातलं दही आणून त्याचं विरजण लावून पाहिलं. सकाळी गंजात दूध जसंच्या तसं, वर फक्त आंबूस वास. मी उभ्या उभ्या निषेधाचा ठराव मांडला, तिनं गंज आपटून तो फेटाळला. लोकांच्या उत्साहावर विरजण घालणं हा माझा धंदा. दर रविवारी पेपरात सदर लिहून मी त्याचेच पैसे घेतो, आणि घरात चमचाभर विरजण नाही. ते मिळायचं भिंतीपलीकडे, तुझ्या जन्माच्या शेजारणीकडे, काकीकडे. काकी माझ्याशी बोलत नाही. मी तुझ्या सुनेला म्हटलं, तू माग. ती म्हणाली, "लिहिलं कोणी? मंग मांगाचं कोणी?"

ज्या दोन देशांचं जुंपलं आहे त्यांची नावं लिहीत नाही. लिहिली तर या कागदाचेही दोन गट पडतील. आपल्या सानगडीत पडलेच आहेत. एका पक्षानं बस स्टँडवर फ्लेक्स लावला, 'आमचे गाव त्यांच्या पाठीशी'; त्यात आपला पुढारी हात जोडून आणि तिकडचा राष्ट्राध्यक्ष त्याच्या खांद्याशी, मावेल तेवढा. दुसऱ्या पक्षानं त्याच राष्ट्राध्यक्षाचा पुतळा जाळला. पुतळ्याचं तोंड इतकं बिघडलं होतं की तो रेशन दुकानदारासारखा दिसत होता, म्हणून गर्दी जरा जास्तच खुशीत होती. फ्लेक्स आणि पुतळ्यावरचा फोटो एकाच दुकानात छापलेले. प्रचारसभेत एक म्हातारा उठून म्हणाला, "साहेब, धानाचा बोनस कवा येते?" तर साहेब म्हणाले, "आधी सांगा, तुम्ही कोणाकडून?" म्हातारा म्हणाला, "मी त तलावाखालच्या धानाच्या बांधीतून आलो जी." लोक हसले. बोनसचं तेवढ्यावरच राहिलं.

काकीचा मुलगा तिकडेच आहे, त्या दोनपैकी एका देशात. नव्या इमारतींना फरशा बसवतो. फ्लेक्सवाल्या पक्षाचं काम करणारा काकीचा भाचा त्या देशाचा झेंडा घेऊन आला आणि तिच्या दाराशी बांधून गेला. काकीनं राहू दिला. तिचा हिशोब साधा होता: ज्या गावात पोरगा झोपतो त्या गावाचं काहीतरी आपल्या दारात असावं. झेंड्याखाली तिनं मिरच्या वाळत घातल्या. आणि मी, माय, तुझा हुशार मुलगा, त्या रविवारी लिहिलं की आमच्या गल्लीत एका परराष्ट्राची वकिलात उघडली असून सध्या तिथे मिरच्या वाळत आहेत. लोकांना फार आवडलं. दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यालाही आवडलं. त्यानं ते बाजाराच्या दिवशी माइकवरून वाचून दाखवलं आणि काकीच्या दाराकडे बोट केलं. पुढच्या बाजारात काकी वांगी घेत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "काय वो काकी, लोकाईचे घरं पाडणाऱ्यायचे घरं बांधून राहिला का तुमचा पोरगा?" काकी तराजूतली वांगी तशीच सोडून घरी आली. घरी आल्यावर तिनं मिरच्या उचलल्या. झेंडा मात्र काढला नाही.

तुला ते आधीचं युद्ध आठवतं का? मी नववीत होतो. तेव्हाही दोन देश लांबचेच होते आणि रेडिओ पानठेल्यावरचा. बाबा एकाकडून, शेजारचे काका दुसऱ्याकडून. दोघांच्या बांध्या एकाच तलावाखाली, एकमेकींना लागून; त्यांनी बांधावरच एकमेकांचे सेनापती काढले. बाबा घरी येऊन गरजले, "आजपासून त्याच्या घरचं पाणीबी पेणार नाही मी." तू भाकरी थापत होतीस, थापत राहिलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुलीजवळ बसलो आहे आणि भिंतीवरून काकीचा हात येतो, हातात वाटी, वाटीत विरजण. काकांचं नाव कोरलेली स्टीलची वाटी. शत्रूचं नाव घातलेलं दही आपल्या घरात! मी खदाखदा हसतो, म्हणतो, बाबाले सांगतो. तू पळी माझ्या बोटांवर मारतेस. "लढू दे त्यायले तिकडं. जेवाले त दही लागते ना? सांगून त पाय बापाले."

मी सांगितलं, माय. दुसऱ्याच दिवशी, बांधीवर डबा घेऊन गेलो तेव्हा. बाबा भातात दही कालवत होते. हात थांबला नाही त्यांचा. म्हणाले, "मालूम आहे मले. तिच्या दह्याची चव समजत नाही का मले? तुह्या मायले सांगू नोको." आणि पुन्हा घास घेतला. पुढे दोन पावसाळे ते काकांशी बोलले नाहीत आणि रोज दुपारी काकांच्या घरचं विरजण लावलेलं दही खात राहिले. आम्ही तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. तेव्हाच्या भांडणाला मागचं दार असायचं. आता तिथंही फ्लेक्स आहे.

परवा संध्याकाळी काकीनंच भिंतीवरून हाक मारली. "बाबू." मी धावतच गेलो. ती वाळली आहे, माय. ओढणीसारखा पदर खांद्यावरून घसरत होता.

"तू पेपरवाला होय ना?"

"होय काकी."

"पोराचा फोन नाही लागून राहिला. मंगळवारपासून. त्याच्या गावाचं नाव आलं का पेपरात?" आणि तिनं ते नाव घेतलं, तिच्या जिभेला झेपेल तसं, मोडून.

ते नाव त्या सकाळी सातव्या पानावर होतं. ट्रॅक्टरच्या जाहिरातीशेजारी, चार ओळी. बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं होतं. कोणाचीही नावं नव्हती.

"नाही काकी," मी म्हटलं. "काही नाही आलं."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग बरं आहे." ती भिंतीला टेकली. "तू लिहतं ते लागते मले, बापा. पण खोटं नाही लिहत तू."

मी विरजण मागितलं. ती म्हणाली, "माह्याबी घरी नाही. दूधच लावलं नाही. खाणार कोण?"

चाळीस वर्षं या भिंतीवरून इकडून तिकडे गेलेलं विरजण दोन्ही घरांतून संपलं होतं. काल मी गावाच्या त्या टोकाला गवळ्याकडे गेलो, चमचाभर विरजण आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दूध लावलं. तुझी सून दारात उभी राहून बघत होती, हसली नाही. आज सकाळी लागलं आहे. थोडं पातळ, पण दहीच.

तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पाठवायचा प्रश्नच नाही. पाठवायला पत्ताही नाही. एवढंच कबूल करायचं होतं की जे छापून आलेलं आहे त्याला मी नाही म्हटलं, आणि उद्या तिनं विचारलं तर पुन्हा म्हणेन. उद्याच्या पुढचं मला माहीत नाही.

काकांच्या नावाची वाटी ओट्यावर आहे, महिनाभर आपल्याकडेच राहिलेली. घासली, भरली. झाकायला हाताला पेपर लागला, तोच, परवाचा. तो घडी करून वर फळीवर ठेवला आणि वाटीवर ताटली झाकली. आता भिंतीशी जातो.