पोस्टानं गेलेल्या चाली

आबा,

आज मी भांडून आले. तुम्ही असता तर म्हणाला असता, मास्तरांच्या लेकीनं चारचौघांत आवाज चढवू नये. चढवला, आणि चांगला चढवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझ्या शाळेतल्या मुलींना तुम्ही म्हणजे भिंतीवरच्या फोटोतले फेटेवाले आजोबा. पण तुमची पत्रं गावातल्या ग्रंथसंग्रहालयात आहेत, हे मला मागच्या महिन्यात कळलं. तुम्ही चाली देत होतात ती नाटक कंपनी मोडली, मालक वारले, आणि त्यांच्या मुलानं कंपनीच्या ट्रंकेतली सगळी पत्रं संग्रहाला देऊन टाकली. मी हौसेनं बघायला गेले, तर गठ्ठ्यावर चिठ्ठी डकवलेली : मालकांनी रचलेल्या चाली, लेखनिक एक गायनमास्तर. लेखनिक म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आपल्या संस्थानचे महाराज नुकते गादीवर आले होते तेव्हाची ही गोष्ट. शाळा सोडून तुम्हाला कंपनीबरोबर फिरता येत नव्हतं, म्हणून तुम्ही चाली पोस्टानं पाठवायचा. कंपनी हुबळीला असली की हुबळीला, साताऱ्याला असली की साताऱ्याला. आधी क्षेमकुशल, मग पदाच्या ओळी, अक्षरांखाली बारीक हातानं स्वर. आणि प्रत्येक पत्रात न चुकता एक वाक्य : मालकांची चाल सोबत पाठवली आहे. आईनं एकदा विचारलंही, "मालकांची कशी? तुमची न्हाय व्हय ती?" तुम्ही म्हणालात, एकदा दिलं ते त्यांचं झालं, देताना माझं माझं करायचं नसतं. लोक तुम्हाला प्रोफेसर म्हणायचे तेव्हाही तुम्ही असेच अवघडून हसायचा. त्या भिडेपायी आज तुमचंच नाव गेलं, आबा. संग्रहाचे चिटणीस नेमकं तेच वाक्य बोटानं दाखवत होते. "बाई, हे त्यांच्याच हातचं आहे. आम्ही तरी काय करणार?"

त्या दिवशी घरी आले ती थेट तुमच्या पेटीपुढे बसले. भाता मारला, सा धरला, आणि हात आपोआप त्या एका पट्टीवर अडखळला. तीव्र मध्यम. मुका. मी परकरात होते तेव्हापासून मुकाच. मिरजेच्या कारागिराकडे न्यायची म्हणत राहिलात, पण पेटी चार दिवस घराबाहेर गेली तर चाली कशावर बांधू, म्हणून नेली नाहीत कधी. तुम्ही सा नेहमी एकाच पट्टीवर धरायचा, त्यामुळे मुका राहायचा तो हाच स्वर. जो स्वर हाताखाली वाजतच नाही, तो तुमच्या चालींत येणार कुठून? मालकांचा ऑर्गन तर नवाकोरा, सगळे सूर धडधाकट. मग मी ठरवलं. पेटी घेऊन जायचं, आणि ती चिठ्ठी फाडल्याशिवाय परतायचं नाही.

आज पेटी टांग्यात घालून नेली. चिटणिसांनी बोलावलेला मालकांचा मुलगाही आला होता, जाडजूड, मोठ्या आवाजाचा. मी म्हटलं, कुठलंही पत्र काढा, स्वर वाचा, मी वाजवते. चिटणीस वाचत गेले, मी वाजवत गेले. प्रत्येक चाल त्या मुक्या पट्टीला वळसा घालून जात होती. चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात मालकांचा मुलगा म्हणाला, "थांबा की बाई. हे बघा, ह्यात तीव्र मध्यम हाय. आता काय म्हणता?"

 पण माघार घ्यायची नव्हती. "खाली काय लिहिलंय तेही वाचा," म्हटलं, निव्वळ हट्टानं. माणूस सरळ, आबा. त्यानं मोठ्यानं वाचलं. "हा स्वर आमच्या पेटीत नाही. मुलीच्या गळ्यातून घेतला आहे. जपून लावावा."

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, मी पीठ चाळतेय, तुम्ही बाहेरून येऊन उंबऱ्यावर उभे राहता. "म्हण." मी म्हणते. "वर. आणखी वर. कान फुटलाय काय तुझा?" माझे डोळे भरून येतात. आई म्हणते, "पोरीला जेवू तरी द्या की." तुम्ही पुन्हा म्हणायला लावता. शेवटी काहीतरी ऐकता, मान हलवता आणि एक अक्षर न बोलता निघून जाता. मला वाटलं, मला जमलंच नाही. त्यानंतर मी तुमच्यापुढे कधी गायले नाही, आणि तुम्हीही कधी म्हणायला लावलं नाहीत. एकदा सांगायचं होतंत हो आबा, की स्वर लागला. चाल मालकांना दिलीत, हे एवढं वाक्यही त्यांनाच लिहिलंत, आणि मी आपली इतकी वर्षं नापास.

"मुलगी म्हंजे तुम्हीच व्हय?" मालकांच्या मुलानं विचारलं. मी मान डोलावली. त्यानं स्वतःच्या नखानं चिठ्ठी उचकटून काढली. नवी चिठ्ठी चिटणिसांनी लिहिली, चाली गायनमास्तरांच्या, आणि पुढे तुमचं पूर्ण नाव. शाई वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.

हे पत्र मात्र संग्रहाला मिळणार नाही, आणि पोस्टानं जायला तुमचा पत्ता तरी कुठाय. पेटीच्या झाकणात ठेवते. एक तेवढं कबूल करते. घरी आल्यावर दार लोटून घेतलं आणि तो स्वर गळ्यातून लावून बघितला. लागला नाही, खालीच राहिला. उद्या सकाळी परत बसणार आहे.