हवालदाराची उजवी बाजू

४ मार्च
भावाच्या उजव्या खांद्यावर आज आणखी एक काळानिळा डाग. विचारलं तर म्हणाला, "ताई, पुरे!" आता बोलायचं कुणाशी? म्हणून लिहिते.

डाग सगळे उजवीकडेच. त्याला जन्मापासून दिसत नाही. पण हवालदार आल्यापासून तो कॉलेजात शिकवायला एकटा जातो, आणि कधी बोटसुद्धा खरचटलं नव्हतं. हवालदार म्हणजे त्याचा वाटाड्या कुत्रा. रस्त्यात असा उभा राहतो की गाड्यांनीच थांबावं — म्हणून हे नाव. आणि तोच आता मालकाला खांबावर आदळतो?

५ मार्च
न सांगता कॉलेजपर्यंत त्यांच्या मागे गेले. हवालदार डावीकडचं सगळं चुकवतो. उजवीकडची सायकल, खांब, उघडं फाटक — त्याच्या लेखी नाहीतच!

संध्याकाळी माझ्याकडच्या किल्लीने भावाचं दार उघडलं आणि हवालदाराचं खाणं बघत बसले. वाडग्यातलं डावीकडचं खाल्लं, उजवीकडचं तसंच. वाडगं फिरवलं, तर तेही फस्त!

६ मार्च
प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "कानात संसर्ग." थेंब दिले. मी वाडग्याचं सांगायला लागले तर नुसतं "हं, हं." कानाने खातो का तो?

८ मार्च
वाटाड्या कुत्रे देणाऱ्या संस्थेला फोन केला. कुत्रा त्यांचा, तर बघा म्हणावं येऊन!

९ मार्च
संस्थेचा प्रशिक्षक आला. हवालदार खोलीत डावीकडे गोल गोल फिरत होता. ते पाहून प्रशिक्षक म्हणे, "डोक्यात गाठ असणार. उगाच हाल कशाला? शांतपणे झोपवून टाकू."

झोपवून टाकू! जणू दिवा मालवायचाय.

"स्ट्रोकही असेल," मी म्हटलं. "एमआरआय करा."

"मॅडम, कुत्र्यांना स्ट्रोक येत नाही. म्हातारपण येतं."

"आणि तुम्हाला काय आलंय?"

भाऊ हसलासुद्धा नाही. "राहू दे ना, ताई. थेंब चालू आहेत ना?"

थेंब! कुत्रा मारायला निघालेत आणि हा थेंबांवर खूश. भेकड कुठला.

१० मार्च
संस्थेच्या ऑफिसात ठाण मांडलं. तपासणी होईपर्यंत कुत्र्याला कोणी सुई लावणार नाही, हे कबूल करून घेतल्याशिवाय उठले नाही. त्यांचा मुख्य वैतागून म्हणाला, "तुम्ही शिक्षिका होतात का?" होते. दिसलंच पाहिजे ते.

१२ मार्च
आज एमआरआय. हवालदाराला भूल देऊन पोटावर निजवलं, डोकं यंत्रात. आत दणादण घण घातल्यासारखा आवाज. भाऊ बाहेर भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याच्या मांडीवर रिकामा हार्नेस, हवालदाराचा कामाचा पट्टा.

स्कॅन वाचणारी डॉक्टर तरुण आहे, पण माणसासारखं बोलते. तिने पडदा माझ्याकडे वळवला. मेंदूच्या डाव्या बाजूला पांढरा डाग. "गाठ असती तर शेजारचं ढकललं असतं तिने. हा काहीच ढकलत नाहीये. एकाच रक्तवाहिनीच्या हद्दीत आहे आणि अचानक झालाय. स्ट्रोकच आहे." मेंदूचा डावा भाग बिघडला की उजवं जग नाहीसं होतं म्हणे. म्हणून खांब, म्हणून वाडगं! रक्तदाब आणि मूत्रपिंडं तपासायची. पुष्कळ कुत्रे सावरतात म्हणाली.

मग पेन एका बारीक ठिपक्यावर टेकवलं. "हा मात्र जुना. आधीही एक येऊन गेलाय."

सावरतात! कुठाय तो म्हातारपणवाला?

१३ मार्च
प्रशिक्षकाचा फोन. "तुमचं बरोबर निघालं, मॅडम. आता झोपवायचा प्रश्नच नाही. पण मेंदूला इजा सिद्ध झाली, म्हणजे आजपासून काम बंद. सावरला तरीही." नवा कुत्रा? "यादी मोठी आहे."

भावाला सांगितलं. जुन्या ठिपक्याचंही सांगितलं. तो म्हणाला, "हिवाळ्यातला असेल."

म्हणजे ह्याला माहीत होतं!

"तेव्हा थोडंच होतं. उजवीकडे मी काठी धरायचो. जमत होतं आमचं."

"आणि मारायला निघाले होते, तेव्हा मी मधे पडले नसते तर?"

"प्रशिक्षकाला बोलावलं कुणी, ताई?"

मी उठून आले. ट्रकखाली गेले असते दोघंही, तेव्हा कुणाला विचारलं असतं? बरोबर तेच केलं मी. पुन्हा करीन!

१५ मार्च
भाऊ कॉलेजात गेला नाही. कालही नाही. मी म्हटलं, मी पोचवते. म्हणाला, "नको."

१७ मार्च
सकाळी संस्थेचा माणूस आला. त्याला दिलं: हार्नेस, जाकीट, ओळखपत्र. कुत्रा भावाकडेच राहिला.

तो माणूस गेल्यावर भावाने माझ्यापुढे हात केला. त्याला दिली: त्याच्या दाराची किल्ली, माझ्याकडची.