तापीतीर चूर्ण खाल्लेल्या उंदरांची चरबी मोजू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
प्राणी-प्रयोग व चूर्ण-वितरण परवानगी कक्ष,
बुरहानपूर (मध्य प्रदेश)

अर्जदार: डॉ. तृप्ती सुकलाल महाजन, सहायक प्राध्यापक, तापीतीर औषधनिर्माण महाविद्यालय, रा. राजपुरा, बुरहानपूर

विषय: तापीतीर चूर्ण दिलेल्या उंदरांपैकी बारा उंदीर मारून त्यांच्या अंगातील चरबी मोजण्याची परवानगी मिळणेबाबत, व तोवर चूर्णाचे वाटप थांबवणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे याच विषयावरील यापूर्वीचे अर्ज व त्यांवर आपल्या कक्षाचे "नोंद घेतली" हे उत्तर.

महोदय,

१. अर्जदाराचे आधीचे अर्ज हिंदीत होते. ते कोणी शेवटपर्यंत वाचले असे उत्तरांवरून वाटत नाही. आपण जळगावकडचे आहात असे कळले, म्हणून हा अर्ज मराठीत केला आहे. यात कुठे कार्यालयीन रीत सुटली तर तो उद्धटपणा समजू नये. अर्जदाराच्या अंगात आता रीतभात सांभाळण्याचे त्राण उरलेले नाही.

२. महाविद्यालय चालवणाऱ्या न्यासाने केळीच्या खोडात आणखी काही झाडपाला मिसळून चरबी उतरवणारे चूर्ण तयार केले. माणसांना देण्याआधी ते उंदरांवर तपासायचे ठरले आणि ते काम अर्जदाराच्या गळ्यात पडले. तेलकट खाद्य घालून उंदीर जाड केले. मग अर्ध्यांना चूर्ण दिले, अर्ध्यांना दिले नाही. चूर्ण खाणाऱ्यांचे वजन भराभर उतरले. न्यासाचे अध्यक्ष श्री. भूपेंद्र यांनी त्याच दुपारी सगळ्या महाविद्यालयाला पेढे वाटले.

३. अर्जदाराने पेढा घेतला नाही, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली. महोदय, वजन उतरले म्हणजे चरबीच उतरली असे होत नाही. तराजूला चरबी, मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. तो सगळे मिळून एक आकडा सांगतो आणि गप्प बसतो. चरबी वेगळी मोजायच्या रीती आहेत. एका यंत्रात जिवंत उंदीर नळीत ठेवतात. चुंबकाच्या साहाय्याने ते यंत्र चरबी किती, मांस किती हे वेगवेगळे सांगते, आणि उंदीर सुखरूप पिंजऱ्यात परत जातो. दुसरे यंत्र क्ष-किरणांचे; त्यासाठी उंदराला गुंगी द्यावी लागते. तिसऱ्या रीतीला यंत्र लागत नाही आणि भरवशाला तिच्यासारखी दुसरी नाही. उंदीर मारायचा, वाळवायचा, दळायचा, इथरमध्ये त्याची चरबी विरघळवून काढायची आणि तोलायची. यंत्रे महाविद्यालयाकडे नाहीत, मागितली तर "पुढच्या वर्षी बघू" असे उत्तर येते. उंदीर बाहेरगावच्या यंत्राकडे नेऊ द्या म्हटले, तर न्यासाचा माल न्यासाबाहेर जाणार नाही असे सांगण्यात आले. राहिली तिसरी रीत. तर न्यासाच्या संस्थापकांचा नेम असा की आवारात कोणताही जीव मारायचा नाही. नेमाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तिची आई धुरपदाबाई जसोंडी गावच्या घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा शेताच्या बांधावर नेऊन सोडत असे. अर्जदार त्याच हाताखाली वाढलेली आहे.

४. मग चरबी मोजली कशी, हे आपल्या फाईलला आहेच; तरी पुन्हा सांगते. न्यासाचे एक विश्वस्त श्री. विनायकराव केळीचे मोठे व्यापारी आहेत. लिलावात घडाला नुसता हात लावून ते वजन सांगतात आणि क्वचितच चुकतात. त्यांनी उंदरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि चरबी उतरल्याचे सांगितले. ते अहवालात "तज्ज्ञांचे मत" म्हणून गेले. अर्जदाराने हरकत घेतली, तेव्हा आपल्या कक्षातून लेखी सूचना आली की चरबी पाण्यावर तरंगते, सबब उंदीर पाण्यात सोडून पाहावा. सोडला. तो पोहत काठाला आला. त्यावर आपल्या कक्षाने "निष्कर्ष समाधानकारक" असा शेरा मारला. हसावे की रडावे हे अर्जदाराला त्या दिवशी कळले नाही, आता हसू येण्याचा प्रश्नच उरलेला नाही.

५. पुढे चूर्ण खाणारे उंदीर मरू लागले. मेलेल्या उंदरातूनही बरेच काही कळले असते. पण मेलेला जीव केळीच्या पानात गुंडाळून, वर फूल ठेवून तापीत सोडायचा, हीही न्यासाची रीत. प्राणीगृह सांभाळणाऱ्या शारदाबाई ते काम सकाळी सगळ्यांच्या आधी, अगदी मनोभावे करतात. त्यांचा यात काडीचा दोष नाही. अर्जदार पोचेपर्यंत पिंजरा धुतलेला असे. आणि आता जे सांगते ते कृपा करून नीट वाचावे: मरणाऱ्या उंदरांचे वजन सर्वांत जास्त उतरले होते. त्यांचे शेवटचे वजन सरासरीत धरले गेले, त्यामुळे सरासरी आणखी चांगली दिसली. जो उंदीर मरायला टेकला, तो अहवालात सर्वांत यशस्वी ठरला.

६. या अहवालावर आपल्या कक्षाने वाटपाची परवानगी दिली. पाकिटावर "डॉ. तृप्ती महाजन यांच्या संशोधनावर आधारित" असे छापले. अर्जदाराला विचारले नाही. नाव काढा म्हटले, तर इतकी पाकिटे छापून झाली, आता कसे काढणार, असे म्हणत अध्यक्षांनी हात वर केले. जसोंडीच्या शिबिरात ती पाकिटे वाटली. धुरपदाबाईंचे गुडघे दुखत, अंगाने त्या जाड होत्या. पाकिटावर लेकीचे नाव वाचून त्यांनी ते डोळ्यांना लावले आणि रोज सकाळ-संध्याकाळ खायला घेतले.

७. अर्जदार सुट्टीत घरी गेली तेव्हा आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. गल्लीतल्या बाया कौतुक करत होत्या. अर्जदाराने पाकीट हिसकावून घेतले, आईला नाही नाही ते बोलली, हे चूर्ण अजून तपासलेले नाही हे परोपरीने सांगितले. आईला वाटले, लेक संकोचाने बोलते आहे. त्या म्हणाल्या, "तुह्या नावाचं औषध हाय, तृप्ते. तू काय मले खोटं देशीन?" अर्जदार शहरात परतल्यावर त्यांनी शेजारणीकडून दुसरे पाकीट मागून घेतले. पुढे पुढे त्यांना भरलेली बादली उचलवेना, मग खाटेवरून उठवेना.

८. अर्जदाराने त्यांना इंदूरला नेले. तिथे माणसांसाठी क्ष-किरणांचे तसेच यंत्र आहे. त्यावर आईला निजवले. या सबंध प्रयोगात अंगातली चरबी रीतसर मोजली गेली ती एकट्या तिची. चरबी जाड माणसाच्या अंगात असते तेवढी अजून होतीच. गेले होते ते मांस, हातापायांचे आणि श्वास ओढणारे. तो अहवाल घेऊन अर्जदार आपल्या कक्षात आली. तेथील लिपिक श्री. पंकज यांनी तो सौजन्याने वाचला आणि परत केला. फाईल उंदरांची आहे, तिला माणसाचा अहवाल जोडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय माणूस एकच. उंदीर किमान बारा लागतात. उंदरांचा अहवाल आणा, मग वाटप थांबवण्याचा विचार होईल, असे ते म्हणाले. उंदीर मारण्याची परवानगी मागितली, तर ती न्यासाने द्यावयाची. न्यासाकडे गेली, तर आपल्या कक्षाचा आदेश आणा.

९. धुरपदाबाई मागच्या गुरुवारी वारल्या. खांदा देणाऱ्यांना तिरडी हलकी लागली, हे अर्जदाराने स्वतःच्या कानांनी ऐकले. तेराव्याच्या आत न्यासाचे नवे पत्रक घरी आले. त्यात सर्वाधिक वजन उतरलेली लाभार्थी म्हणून आईचा फोटो आहे. शिबिरात काढलेला आहे, त्यात ती हसते आहे.

१०. अर्जदाराला नुकसानभरपाई नको. अध्यक्षांना शिक्षा व्हावी असे रोज वाटते, पण ते या अर्जात मागत नाही, कारण एका अर्जात एकच विषय असावा असे आपल्या कक्षाचे म्हणणे आहे. येत्या सोमवारी चूर्णाची गाडी देडतलाईला जाणार आहे. तिथल्या आठवडी बाजारात पाकिटे वाटली जातील, त्यांवर अर्जदाराचे नाव असेल, आणि वाचता येणाऱ्या बाया न येणाऱ्यांना ते वाचून दाखवतील. गाडी थांबवायला उंदरांचा अहवाल लागतो, तर अर्जदार तो देण्यास तयार आहे. उंदीर अर्जदार स्वतःच्या हाताने मारील. शारदाबाईंना किंवा दुसऱ्या कोणाला त्या पापात ओढणार नाही. आजवर तिने एकही जीव मारलेला नाही. हे काम ती कोणत्याही आवारात, रस्त्यावर किंवा आपल्या कक्षाच्या ओट्यावर करण्यास राजी आहे.

११. आईचे दहन झाले आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत आता कोणतीही फेरतपासणी शक्य नाही. मोजण्याजोगे फक्त उंदीर राहिले आहेत, आणि तेही रोज मरत आहेत व रोज सकाळी नदीत जात आहेत. सोमवारच्या आत बारा जिवंत उरले असतील तर ते मारू द्यावेत. बारा उरले नसतील, तर किती चालतील तेवढे कळवावे.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,

(सही)
तृप्ती सुकलाल महाजन
बुरहानपूर, शुक्रवार

सोबत:
(अ) इंदूर येथील तपासणीचा अहवाल. माणसाचा आहे, तरी कृपया परत करू नये.
(आ) कै. धुरपदाबाई सुकलाल महाजन यांचा मृत्यू दाखला.
(इ) न्यासाचे पत्रक, फोटोसह.