दहा मिनिटं पुढचं लातूर

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या लॅबचा डेटाबेस तीन सर्व्हरवर मिळून चालतो. दोन इथं नांदेडला, एक लातूरच्या शाखेत. दुपारी तिकडं लाईट गेली, आणि परत आल्यापासून इथले दोघं लातूरच्याला जवळच घेईनात. कमांड मारून पाहिलं, तर लातूरची शेवटची नोंद सहा चोवीसची. माझ्या घड्याळात सहा चौदा! अजून न झालेल्या वेळेची नोंद येते कुठून?

वाटलं, डेटाच बिघडला. लातूर काढून टाकायची कमांड टाईपसुद्धा केली. एन्टर दाबलं असतं तर तिथले दुपारपासूनचे रक्ताचे रिपोर्ट गेले असते. ते इकडं पोचलेच नव्हते. पण ती दहा मिनिटं डोक्यातून जाईनात. तिथल्या ऑपरेटर सुमनताईंना फोन लावला. आवाज चढवूनच विचारलं, मशीनला हात कोणी लावला?

"मीच सर. लाईट आल्यावर ती कायबी वेळ दाखवायली होती. म्हून भिंतीवरच्या घड्याळात बघून लावली."

"ते घड्याळ तरी बरोबर आहे का?"

"न्हाई की. ते दहा मिनिटं पुढंच असतंय. स्टाफ वेळेवर यावा म्हून."

"कोणी केलं पुढं?"

"तुम्हीच की सर. हितं होता तवा."

खरंय. स्टुलावर चढून काटा मीच सरकवला होता. स्टूल धरलं होतं ताईंनी.

कमांड खोडली, लातूरच्या सर्व्हरची वेळ दुरुस्त केली, आणि वेळ जुळताच इथल्या दोघांनी त्याला जोडून घेतलं. ताईंना मात्र नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला.