हिरव्या ओळी

३ जानेवारी

आणला एकदाचा! ऑफिसातला पोर्टेबल कॉम्प्युटर. पोर्टेबल म्हणे! शिलाई मशीन परवडलं. जिना चढताना खांदा निखळतोय की काय असं झालं. साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत ठेवा, तोवर कुणाचा दौरा नाही." झाकण काढलं की तोच कीबोर्ड. पडदा पोस्टकार्डाएवढा, अक्षरं हिरवी — इंग्रजी, पण त्यात मराठीही लिहिता येतंच की!

हे नुसते बघत राहिले. झटका आल्यापासून तोंडून शब्द नाही, उजवा हात लुळा. डाव्या हातात पेन्सिल धरवत नाही, टाइपरायटरची बटणं दाबवत नाहीत. ही बटणं मात्र अगदी मऊ आहेत. डॉक्टर म्हणतात, "शब्दच गेले असतील, फार आशा धरू नका." मी धरणार. आत माझा माणूस आहे.

४ जानेवारी

सकाळी सगळं चालू करून दिलं. दोन फ्लॉप्या मागेपुढे घालाव्या लागतात, मला स्वतःलाच धड जमत नाही. म्हटलं, "मनात येईल ते लिहा. फ्लॉपीवर साठवायचं मी संध्याकाळी आल्यावर बघते. तोवर बंद करू नका, नाहीतर लिहिलेलं सगळं पुसलं जाईल." दुपारी खालच्या काकू जेवण देऊन जातात, त्यांच्याकडे किल्ली असते.

संध्याकाळी आले तर सगळं बंद! भिंतीवरचं बटणच बंद. ते ह्यांच्या डाव्या हाताशी आहे. म्हणजे नकोच आहे तर.

९ जानेवारी

रोज तेच. मी चालू करून जाते, हे बंद करून ठेवतात. आज पुन्हा चालू केलं. "माझ्यादेखत दोन अक्षरं तरी लिहा!" हात मांडीवर, तोंड भिंतीकडे.

अख्ख्या गावाला ह्यांनी टायपिंग शिकवलं. मीही त्यांच्याच क्लासची. मान खाली गेली की टेबलावर पट्टी — "बटणांकडे बघायचं नाही!" लग्नानंतर मी सुईत दोरा ओवत होते तरी तेच म्हणाले. किती हसलो होतो!

१४ जानेवारी

काकू म्हणाल्या, "हल्ली ताट ढकलतात हो. माझ्यावर डोळे वटारतात." लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना बोलले. फार बोलले. हे भिंतीकडे बोट दाखवत राहिले, पुन्हा पुन्हा. दिवा डोळ्यांना खुपत असेल म्हणून मालवला. तर रडायलाच लागले. अंधारात बसलो दोघं.

२० जानेवारी

वन्सं आल्या होत्या. "वहिनी, दादाला आता काही कळत नाही. नोकरी करणार की त्याला बघणार? अशा पेशंटांना सांभाळणाऱ्या संस्थेत माणसं असतात चोवीस तास."

कडाकडा भांडले. मग भांडायला मुद्दाच सापडेना.

२३ जानेवारी

थकले मी.

२९ जानेवारी

कॉम्प्युटर परत केला. देण्याआधी फ्लॉपी उघडून पाहिली. कोरी. माहीत होतं, तरी पाहिली. साहेबांनी विचारलं, "उपयोग झाला का?" हो म्हटलं. उगाच त्यांना कशाला वाईट वाटायचं.

वन्संना फोन करून होकार कळवला.

३१ जानेवारी

ह्यांना संस्थेत ठेवून आले. खोली स्वच्छ आहे, खिडकीही आहे. निघताना माझी बाही धरली, डाव्या हातानं. सोडेनात! एकेक बोट उलगडावं लागलं. पेन्सिल धरवत नव्हती त्या हाताला, एवढं बळ आलं कुठून?

घरात पाऊल टाकवत नव्हतं. जेवले नाही.

२ फेब्रुवारी

काकू किल्ली परत द्यायला आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "फार सुनं वाटतं हो. रोज वर येताना जिन्यातच टकटक ऐकू यायची. एका बोटानं, मान खाली घालून बटणं शोधत, पण थांबायचे नाहीत. हिरव्यागार ओळीच्या ओळी! मला कुठलं वाचता येतंय? जेवणाच्या वेळेला मीच बटण बंद करायची. तापून पेटबिट घेतलं म्हणजे?"

ते बटण दाखवत होते. मी दिवा मालवला.

किल्ली काकूंकडेच राहू दिली. निघते. आणते त्यांना घरी.