एकतीस चिंध्या

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मला कोणी गाडी पाठवून बोलावलं. तीही लष्कराची, आणि ड्रायव्हर मला दार उघडून देणारा! वॉर्डातल्या पोरींना सांगितलं तर खोटं वाटेल.

जागा म्हणजे बंद पडलेल्या काचकारखान्याचं आवार. आत तंबूंची रांग, मध्ये डांबरी रस्ता, टोकाला तीन मोठ्या शेड. आठवडाभर इथे सराव चालणार आहे. मोठी आपत्ती आली तर तीन देशांच्या लष्करी डॉक्टरांनी आणि आमच्यासारख्या सरकारी दवाखान्यातल्या माणसांनी एकत्र काम कसं करायचं, याचा. रोगराई आणि पूर सीमा बघून येत नाहीत, असं प्रमुख मेजरबाई स्वागताच्या वेळी म्हणाल्या. बाई चाळिशीच्या, बोलणं मोजकं, चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याच्या खुणा. मला लगेच आवडल्या.

खोली स्वच्छ आहे. लोखंडी खाट, टेबल, खिडकीबाहेर पाण्याची टाकी. सात दिवस कोणी 'सिस्टर, सलाईन संपलं' म्हणून ओरडणार नाही. मी तर ही सुट्टीच समजते आहे.

मंगळवार, ४ तारीख

मला फाटकावर बसवलं आहे. काम सोपं. गावातून चाळीस माणसं जखमींची सोंगं घेऊन येतात. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र, त्यावर काय झालं आहे ते लिहिलेलं. मी प्रत्येकाला तपासायचं आणि मनगटाला रंगीत पट्टी बांधायची. लाल म्हणजे आधी घ्या. पिवळी म्हणजे थोडं थांबू शकेल. हिरवी म्हणजे चालतो-बोलतो आहे. काळी म्हणजे आता आपल्याकडून काही होण्यासारखं नाही. काळीवाल्यांनी शेवटच्या शेडमध्ये जाऊन निवांत पडायचं, शिट्टी झाली की उठून चहाला यायचं. त्यामुळे काळ्या पट्टीसाठी सगळ्यांची झुंबड.

जखमा रंगवणारी बाई मूळची नाटकातली. तिने एका निवृत्त पोस्टमनकाकांच्या पायातून असं काही हाड बाहेर काढलं होतं की मीसुद्धा दचकले. काका इतक्या मन लावून विव्हळत होते की परदेशी पथकातला उंच डॉक्टर खरंच घाबरला. त्याला आपली भाषा येत नाही. सोबत एक दुभाष्या असतो, हसरा, चष्मेवाला. काकांच्या शिव्यांचं भाषांतर करताना त्याची पार त्रेधा उडाली. खूप हसलो.

पाय मात्र दुखताहेत. वय झालं.

बुधवार, ५ तारीख

आज हिशेब जुळला नाही. चाळीस माणसं, चाळीस ओळखपत्रं, पण मी तपासली एक्केचाळीस.

जास्तीची एक बाई. राखाडी स्वेटर, केस ओले, गळ्यात ओळखपत्र नाही. मी विचारलं तर तिने मनगट पुढे केलं. मला वाटलं, ओळखपत्र विसरली असेल. मनगट धरलं तर त्यावर आधीच काहीतरी बांधलेलं होतं. चादरीची चिंधी, आणि त्यावर मार्करने काढलेली काळी फुली.

फुली माझी होती. मी फुली काढताना दुसरी रेघ खाली ओढते, लहानपणापासूनची खोड आहे.

मी हे कधी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. बारा वर्षांपूर्वी धरण फुटलं तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये मी आणि एक डॉक्टर, दोघंच होतो. ऑक्सिजनच्या नळकांड्या सहा. पट्ट्या कुठून असणार? मी चादर फाडली. डॉक्टरांनी मला सांगितलं, तुम्ही निवडा, मी हात चालवतो. मी निवडलं. एकतीस चिंध्यांवर फुली काढली. पुढे कोणी विचारलं की 'तीसेक असतील' म्हणायचे. एकतीस होत्या. त्यांतलं कोणी वाचलं नाही. राखाडी स्वेटरवाली त्यांतलीच. तिची नाडी लागत होती. मला ती लागली होती.

आज मी तिला शेवटच्या शेडकडे हात केला. ती गेली. शिट्टीनंतर शेडमध्ये जाऊन पाहिलं तर कोणी नव्हतं. फरशीवर ओल होती.

दमले असेन, दुसरं काय.

गुरुवार, ६ तारीख

ती पुन्हा आली. रांगेत सगळ्यांसारखी उभी राहिली. पोस्टमनकाकांनी तिला पुढे जायला जागासुद्धा करून दिली. म्हणजे ती इतरांना दिसते.

माझ्यासमोर आल्यावर हळूच म्हणाली, "आता तरी घ्याल का?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून बसलेलं माणूस विचारतं ना, तसं विचारलं.

मी चिंधी कापली आणि लाल पट्टी बांधली. सराव तर आहे, मी मनाशी म्हटलं, खाट तर रिकामीच आहे. उंच डॉक्टरने तिला मन लावून तपासलं, ऑक्सिजन लावला, घोंगडी पांघरली. दुभाष्या मला सांगत आला की डॉक्टर खूश आहेत, इतकं हुबेहूब काम करणारी बाई त्यांनी पाहिली नाही, अंगसुद्धा कसं गार ठेवलंय म्हणे. मी तंबूच्या दारात उभी राहून पाहत होते. हळूहळू तिच्या गालांवर रंग आला. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं काहीतरी हललं. मी रडले. रंगवालीने मला पाणी आणून दिलं.

चहाच्या वेळी पोस्टमनकाका कप हातात धरून बसल्या जागी कलंडले. तीन देशांचे डॉक्टर दहा पावलांवर होते. सगळ्यांनी सगळं केलं. उपयोग झाला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, सगळे म्हणाले, काय सांगता येतं?

शुक्रवार, ७ तारीख

सराव थांबवला नाही. काकांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली, मग काम.

सकाळी टाकीच्या नळावर ती दिसली. स्वेटर वाळलेला. तोंड धूत होती. मी हात लावला. हात ऊन होता, तुमच्या-माझ्यासारखा. मी तिला विचारलं, काकांचं तू केलंस का? तिला कळलंच नाही मी काय म्हणते ते. ती म्हणाली, तिने फक्त बाकीच्यांना निरोप दिला, की इथे घेताहेत. मग फाटकातून बाहेर पडली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. कुठे जाणार ते तिलाही माहीत नसावं.

अकरा वाजता पाच जण आले. सगळे ओले. सगळ्यांच्या मनगटावर चिंध्या.

मी पाचही जणांना काळी पट्टी बांधली. ते निमूट शेडकडे वळले. तेवढ्यात उंच डॉक्टर मागून आला. दोघांची नाडी पाहिली, मान हलवली, माझ्या हाताने बांधलेली काळी पट्टी सोडून लाल बांधली. मी नको, नको म्हणत राहिले. दुभाष्याने सांगितलं की त्यांच्याकडे शंका आली तर वरचा रंग देतात, त्यात कमीपणा मानू नका सिस्टर.

दोघांनाही खाट मिळाली.

मी जेवले नाही.

शनिवार, ८ तारीख

दुभाष्या गेला. सकाळी उठलाच नाही. तिशीचा होता.

आणि ड्रायव्हर. मला दार उघडून देणारा. गाडी धुताना पाय घसरला, डोकं आपटलं.

तीन लाल, तीन माणसं.

मी मेजरबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, एकतीसचा आकडासुद्धा. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या की धरण फुटलं तेव्हा मदतीच्या कामावर त्याही होत्या, दुसऱ्या गावात, आणि अजून त्यांना हॉलमध्ये जेवायला बसवत नाही. आपण एकदा निवडलं की ते संपत नाही, सिस्टर, म्हणाल्या. उद्या विश्रांती घ्या. तीन मृत्यूंची चौकशी लावली आहे, पाणी तपासायला पाठवलं आहे.

पाणी!

मी म्हटलं, सोमवारचा मोठा सराव रद्द करा. त्या थकून हसल्या. तीन देशांचे अधिकारी विमानात बसले आहेत. दीडशे माणसं येणार आहेत. आणि परदेशी पथकाने आणखी तीस खाटा लावल्या आहेत.

तीस. माझ्याकडे राहिलेले अठ्ठावीस.

उंच डॉक्टरला समजावायला गेले. दुभाष्या नाही. मी खुणा केल्या, काळी पट्टी दाखवली, हात जोडले. त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, मी दुभाष्यासाठी रडते आहे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

रविवार, ९ तारीख

दिवसभर खाटेवर. झोप नाही. अंग गळून गेलं आहे. फाटकापाशी जाऊन आले. रस्त्याच्या पलीकडे कठड्यावर बसलेत. ओळीने. कुणी हाक मारत नाही. बघतसुद्धा नाहीत. वाट पाहायची सवय झालेली माणसं.

संध्याकाळी धाकटीचा फोन. माझी सख्खी बहीण. तिने सोमवारच्या सरावासाठी नाव दिलंय. जखमी व्हायला. ताई, तुझ्या हातून पट्टी बांधून घेणार, म्हणते. मी येऊ नको म्हटलं. ओरडले. कारण विचारलं तर काय सांगू? म्हटलं, माणसं मरताहेत इथे. ती म्हणाली, ताई, तू आधी झोप. धरण फुटलं तेव्हापासून तू नीट झोपलेलीच नाहीस. उद्या मी येते आणि तुला घरी घेऊन जाते.

फोन ठेवला. पुन्हा लावला — उचलत नाही —

फाटक मीच मागून घेतलं. मेजरबाई नको म्हणत होत्या. मी म्हटलं, शेवटचा दिवस, मला बसू द्या. दुसरं कोणी बसलं तर हो म्हणेल. कुणीही हो म्हणेल. नाही म्हणायला फक्त मी —

सोमवार, १० तारीख

सकाळी नऊ. फाटकावर. वही मांडीवर, ओळखपत्रांच्या यादीखाली.

उंच डॉक्टरला आत गुंतवलंय. मेजरबाईंनी तेवढं ऐकलं माझं. तास-दीड तास मिळेल.

काळ्या पट्ट्या मोजून अठ्ठावीस वेगळ्या काढल्या. उजव्या खिशात. लाल डाव्या.

बस आली. धाकटी खिडकीत. कपाळाला लाल रंग. हात हलवतेय. रंगवालीने छान रंगवलंय, दुरून खरंच —

मी खाली बघितलं.

त्यांना आधी घेते. बसमधली माणसं उतरायच्या आत. अठ्ठावीस वेळा नाही म्हणायचं. एकदा म्हटलेलं. बारा वर्षं रोज म्हणत आलेय झोपेत. जमेल.

उठले कठड्यावरून. येताहेत. डांबरावर ओली पावलं.

पहिली आजी आहे. शाळेत शिकवायची ती. हॉलमध्ये तिनेच मला पाण्याचा पेला दिला होता. म्हणाली होती, पोरी, तू दमलीस, मला सगळ्यांत शेवटी घे. मी शेवटी तिच्यापाशी गेले तेव्हा नळकांडी उरली नव्हती. ती म्हणाली, असू दे. आणि स्वतःच हात पुढे केला चिंधीसाठी.

तीस खाटा. रिकाम्या. स्वच्छ चादरी. इथून दिसतात.

बसमधून उतरताहेत. धाकटी हाक मारतेय. ताई, ताई —

आजी समोर उभी. हसतेय. म्हणते, "बघ, थांबले मी."

हात पुढे केलाय. किती गार आहे. नाडी —

नाडी लागतेय. देवा, लागतेय —

खिशात हात घातला. पट्टी हाताला लागली. बघायचं धाडस नाही, कोणत्या रंगाची —