आपल्या रानातला धूर

आई, आज लासुर्ण्यात ऊस तोडल्यावर रानात उरणारं पाचट जाळू नका असं सांगून आले. कृषी सहाय्यक म्हणून हे माझं नेहमीचंच काम. पाचट कुजलं की जमीन भुसभुशीत होते, पेटवलं की हवा बिघडते, असं मी सांगते आणि लोक ऐकून घेतात. आज मागं बसलेले एक आजोबा म्हणाले, "ताई, ह्ये तुमी कुठल्या कॉलेजात शिकला?" मी बारामतीचं कॉलेज सांगितलं. तुझं नाव घ्यायला हवं होतं.

मी सातवीत होते. आपला ऊस तुटून गेला होता आणि आबांनी काडेपेटी देऊन मला रानात पाठवलं होतं. वाळलेलं पाचट पेटताना तडतडतं, तो आवाज मला आवडायचा. बांधापलीकडं ऊसतोड्यांच्या कोप्या, त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या होत्या. रोज दिसायच्या, पण त्या दिवशी माझ्या ध्यानातही आल्या नाहीत. धूर जमिनीलगत सरकत थेट तिकडं गेला. एका कोपीतून आठ दिवसांपूर्वीच बाळंत झालेली बाई बाहेर येते, पोर पदराखाली, खोकून खोकून तिला उभं राहवत नाही. तू विहिरीकडून धावत येतेस आणि तिला हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात नेतेस. पोराच्या छातीत घरघर होती. तू आधी आपली चूल विझवलीस, मग त्याला दवाखान्यात नेलंस. मायलेकरं आपल्याकडं राहिली तेवढे दिवस तू अंगणात भाकऱ्या थापल्यास. तिसऱ्या दिवशी पोर नीट प्यायला लागलं, तेव्हा कुठं तू माझ्याशी बोललीस. "काडी वढायच्या आदी वारा कुणीकडं हाय, ते बघितलंस का?"

आबा म्हणाले, "समदेच जाळत्यात."

"जाळू द्या. आपला धूर आपल्या दारात येत न्हाय, म्हून त्यो कुणाच्याच दारात जात न्हाय व्हय?"

पुढच्या वर्षी तू स्वतः पाचट ओढून एक सरी सोडून एका सरीत रचलंस. लोक हसले. पाणी तुंबतं म्हणून आबा कुरकुरले. तिसऱ्या वर्षी मात्र तेच शेजाऱ्याला मूठभर भुसभुशीत माती दाखवत होते. हवेच्या प्रदूषणावरच्या बैठकांना मी आता जाते, तिथं आकडे असतात, नकाशे असतात. पण धूर आधी कुणाच्या घरात शिरतो, हे मला तू शिकवलंस. त्या पुण्याईवर माझी नोकरी चालली आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. आज परतताना रस्त्याकडेला एक रान पेटलेलं दिसलं. मी गाडी थांबवली, उतरले, त्या शेतकऱ्याशी बोलले, त्यानं उरलेलं पाचट तसंच ठेवलं. पण धूर दिसल्यावर मी सगळ्यात आधी गाडीची काच वर केली होती.